कॅल्शियम उतरल्यावर

ताई, काल तुझ्या पुण्यानुमोदनाला लोक माइकवर खोटं बोलले आणि मी समोर बसून मान हलवत राहिली. एक म्हणे, तू मायेचा झरा होती. दुसरा म्हणे, तुझ्या तोंडून कधी कोणी कडू शब्द ऐकला नाही. मायबाई! आपल्या घमापूर मोहल्ल्यात असं एक घर दाखवा म्हणावं, ज्याला तुझ्या तोंडाचा प्रसाद भेटला नाही. बायका तुझ्या फोटोसमोर फुलं ठेवून डोळे पुसत होत्या आणि मला वाटत होतं, आता उठते ही. आता उठते आणि म्हणते, "काहून वं, जिवंत होती तर दारावरून तोंड फिरवून जात होती, आता फुलं घेऊन आली?"

तू उठली नाही. मग मीच लिहून राहिली. मलाही बोलवलं होतं माइकवर, धाकटी बहीण म्हणून. मी नाही गेली. भंते बसले होते, लोक पांढरे कपडे घालून आले होते, तिथं काय सांगू? आपलं भांडण अर्धं राहिलं आहे म्हणून सांगू? तू भांडण अर्धं सोडणारी बाई नव्हती. या वेळी मात्र शेवटचा शब्द बोलून चालली गेली, आणि मला उत्तर द्यायला जागाच ठेवली नाही.

बाबा गेल्यावर फॅक्टरीत त्यांच्या जागी तू लागली, तेव्हा मी शाळेत होती. तू मला शिकवलं, रेल्वेच्या परीक्षेला बसवलं, नोकरी लागली त्या दिवशी स्वतःच्या हातानं पुरणपोळी केली. आणि जेवताना म्हटलं, "खा. तुह्यापायी मी लग्न नाही केलं, निदान पोटभर तरी खा." हे तुझं प्रेम. ताटात वाढायचं आणि वरून मिरची पेरायची. दिवसभर फॅक्टरीत तू हातात मापाचं गेज घेऊन माल तपासायची, ज्यात केसाएवढा फरक दिसला तो पीस बाजूला फेकायची. संध्याकाळी घरी आली की तेच गेज माणसांना लावायची. तुझी नजर चुकत नाही असं फॅक्टरीत सगळे म्हणत. मीही म्हणायची. आता त्याचीच भीती वाटते.

माझा दिनेश त्या गेजमध्ये बसला नाही. सराफ्यातल्या सोनारांचा मुलगा, हिंदी बोलणारा, आपल्या जातीच्या लोकांना त्याच्या घरात ओसरीच्या पुढं येऊ देत नसत. मी म्हटलं, तो तसा नाही. तू म्हटलं, ठीक आहे, पाहून येते. आणि कडक कलफ केलेली साडी नेसून तू एकटी सराफ्यात त्याच्या घरी गेली, माझ्या लग्नाचं बोलायला. मोठ्या माणसासारखी. तेव्हा तुझं वय तरी काय होतं?

त्या घरात तुला चहा दिला. घरच्यांना कपबशीत, तुला मातीच्या कुल्हडमध्ये. तू प्याली. तू उठताना त्याच्या आईनं मोलकरणीला सांगितलं, "वो कुल्हड बाहर नाली में डाल देना।" तू चपला घालत असताना माती फुटण्याचा आवाज ऐकला. हे मला तू एकदाच सांगितलं. पण त्या गोष्टीतला जो भाग तू पुन्हा पुन्हा सांगितला तो वेगळाच होता. "त्याची माय काय करते ते मले माहीत होतं. मी त्याले पाहून राहिली होती. तो समोर बसला होता, हातात कपबशी घेऊन. त्यानं फुंकर मारली आणि प्याला."

त्यानं घर सोडलं, ताई. दुकानातला वाटा सोडला. आज इतक्या वर्षांनी तो त्याच सराफ्यात दुसऱ्याच्या दुकानात बसून लोकांच्या पायातल्या तुटक्या पायपट्ट्या झाळून देतो, ते माझ्यापायी. हे मी तुला किती वेळा ऐकवलं असेल. तू एकच उत्तर द्यायची, "घर सोडलं, मान्य आहे. कप काहून नाही सोडला?"

मग तू आमच्या घरचं पाणी सोडलं. महाराजपुरला आम्ही घर बांधलं, तू आली, पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढली. आमची पिंकी झाली तेव्हा तिला तूच न्हाऊ घातलं, तूच वाढवलं, पण आमच्या घरी एक बिस्किट तोंडात नाही टाकलं. दिनेश समोर आला की तू भिंतीशी बोलायची. तो बिचारा "दीदी, कैसी हैं आप?" म्हणायचा, आणि तू मला म्हणायची, "त्याले सांग, बरी आहे." तो खोलीत उभा असताना! पिंकी लहानपणी विचारायची, "मौसी, पापा को सुनाई नहीं देता क्या?"

हे असंच चाललं. लोक भांडणं मिटवतात, तू भांडणाला रोज पाणी घालून वाढवलं.

आणि मग तुझे गुडघे दुखायला लागले.

रिटायर होऊन तुझ्या हातात मोबाइल आला आणि तू डॉक्टर झाली. कोणत्या तरी व्हिडिओत कोणी तरी सांगितलं की गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज दह्यात घालून खाल्ला की हाडं लोखंडाची होतात. जिनं आयुष्यात पान खाल्लं नाही ती बाई पानठेल्यावरून चुन्याची डबी आणायला लागली. गव्हाच्या दाण्यानं गुडघा ऐकेना, तर चण्याएवढा. वरून दवाखान्याच्या कॅल्शियमच्या गोळ्या, वरून मेडिकलवाल्याकडून ताकदीचं इंजेक्शन, वरून गॅस झाला म्हणून गॅसचं चूर्ण. मी म्हटलं, ताई, हे भिंतीला लावायचं आहे, पोटात घालायचं नाही. तू म्हटलं, "तुले काय समजते? चुन्यानं कोणी मरते काय?" फॅक्टरीत केसाचा फरक पकडणारी तू, स्वतःच्या वाटीत बोटानं चुना घालत होती.

गुडघे बरे झाले म्हणून तू सगळ्या मोहल्ल्यात सांगत फिरली. मग तहान लागायला लागली. घागर संपवायची आणि तरी तोंड कोरडं. सकाळी पोट साफ होत नाही, जेवण नको, झोप येऊन राहिली. फोनवर तू बोलता बोलता थांबायची. मला वाटलं, म्हातारपण. तुला वाटलं, उन्हाळा.

आणि त्या दुपारी तू आमच्या घरी आली.

मी ऑफिसात होती. दिनेश घरी होता, त्याला ताप होता म्हणून दुकानात गेला नव्हता. ई-रिक्षातून तू उतरली, दोन पायांत दोन वेगळ्या चपला. दारातच म्हटलं, "पानी दो।" त्याला वाटलं, मागं कोणी उभं आहे. त्यानं मागं वळून पाह्यलं. तू पुन्हा म्हटलं, "अरे, पानी दो ना, जवाईबापू।" त्यानं पाणी दिलं. तू प्याली. अजून मागितलं, अजून प्याली. मग त्याच्याच पलंगावर बसून त्यानं केलेला कढी-भात खाल्ला, बोटं चाटून.

मी आली तेव्हा तो दारात उभा होता आणि त्याचे डोळे लाल होते. म्हणे, "दीदी ने मेरे हाथ से खाया।" मी आत धावली. तू माझा हात धरला आणि हसली. तू, ताई! म्हणे, "चांगला पोरगा आहे वं. काहून भांडत होतो आपण?"

मी रडली. माझ्या आयुष्यात मी एवढी कधी रडली नाही, लग्नात नाही, बाबा गेले तेव्हा नाही. मी शिरा केला. पिंकीला फोन लावला, तीही तिकडं बंगलोरला रडली. आम्ही तिघंही आनंदानं रडत होतो आणि तू पलंगावर भिंतीला टेकून हळूहळू मरत होती, हे आमच्यापैकी एकालाही समजलं नाही. तू शिऱ्याची वाटी हातात धरून विचारलं, "बाबा आले का फॅक्टरीतून?" तेव्हा कुठं मला समजलं आणि मी रिक्षा आणायला धावली.

अस्पतालात रक्त तपासलं. तरुण डॉक्टर होता, रिपोर्ट पाहून त्यानं पुन्हा तपासायला पाठवलं, त्याला खरं वाटेना. मग आम्हाला बाहेर बोलावून विचारलं, "चूना खाती थीं क्या?" मी हो म्हटलं. त्यानं कपाळाला हात लावला. म्हणे, "हड्डी में कुछ नहीं गया, सब खून में घूम रहा है।" रक्तात कॅल्शियम एवढं चढलं की किडनी थकते, हृदय बिथरतं आणि माणूस भ्रमतो, असं त्यानं समजावलं. मग माझा चेहरा पाहून त्याला दया आली असावी. म्हणे, "इस हालत में मरीज को होश नहीं रहता। इन्होंने कुछ उल्टा-सीधा बोल दिया हो तो बुरा मत मानिए।"

काय सांगू त्या पोराला? तू वाईट बोलली असती तर मला सवय होती. तू चांगलं बोलली होती. अख्ख्या आयुष्यात एक चांगली गोष्ट बोलली, आणि ती चुना बोलला.

त्यांनी सलाइन लावलं. बाटल्यांवर बाटल्या. मी शेजारी बसून थेंब पाहत होती आणि मला माहीत होतं की हा एकेक थेंब माझ्या त्या गोड ताईला धुऊन काढून राहिला आहे. तू झोपेत दिनेशचं बोट धरलं होतं. मनात आलं, अजून एक दिवस अशीच राहू द्या हो हिला. एकच दिवस. मग मीच नर्सला आवाज दिला, "सिस्टर, बोतल खतम हो गई।" आणि ती दुसरी लावून गेली.

कॅल्शियम उतरलं तशी तू परत आली. आधी उशीला शिव्या, मग अस्पतालच्या चहाला, मग मला. एका सकाळी राउंडवरचे मोठे डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट अच्छी है. त्यांनी तुला नाव विचारलं, वार विचारला, शहर कोणतं ते विचारलं. तू सगळं बरोबर सांगितलं आणि वरून म्हटलं, "और आप राउंड पे देर से आए हो।" ते हसले. म्हणे, आता पूर्ण होशात आहेत. पाणी पाजत राहा, किती प्याल्या ते सिस्टरला सांगत जा, मोजायचं आहे.

तू होशात होती, हे मी मुद्दाम लिहून राहिली. याच्या पुढं जे झालं ते तुझं होतं, चुन्याचं नव्हतं.

मी तुला सांगितलं. राहवलं नाही मला. म्हटलं, तू आमच्या घरी आली होती, त्याच्या हातचं जेवली.

"झूठ नको बोलू."

"त्याले जवाईबापू म्हटलं तू."

तू छताकडं पाहत राहिली. मला वाटलं, पाझरली. वेडी मी. तेवढ्यात दिनेश डबा घेऊन आला. तू त्याच्याकडं तोंड फिरवलं. भिंतीकडं नाही, माझ्याकडं नाही, सरळ त्याच्याकडं. आणि म्हटलं, "पानी दो।"

त्यानं डबा खाली ठेवला. त्यानं ग्लास विसळला, भरला, दोन्ही हातांनी दिला. होशातली ताई त्याच्या हातचं पाणी पिऊन राहिली होती! मी मनात म्हटलं, झालं. मिटलं सगळं. आता हिच्यासारखी बहीण नाही, त्याच्यासारखा नवरा नाही.

तू अर्धा ग्लास प्याली. ग्लासाची कड नाही पुसली. ग्लास तसाच त्याच्यापुढं धरला.

"लो। बाकी तुम पियो।"

त्यानं ग्लास घेतला. आत पाह्यलं. एवढंच, ताई. डोळ्याची पापणी लवते तेवढं. मग त्यानं ग्लास तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं, एक थेंब नाही ठेवला.

तू त्याच्याकडं पाहत नव्हती. तू माझ्याकडं पाहत होती, मी काय पाहून राहिली ते. आणि तू हळूच म्हटलं, "पाह्यलं?" बस. कूस बदलली आणि झोपून गेली. शांत झोप लागली तुला. घोरत होती.

जिन्यावर मी त्याला विचारलं. विचारायला नको होतं, पण तू विचारायला लावलं. तो म्हणे, "अरे, सिस्टर को बताना था ना, कितना पिया। मैं देख रहा था कितना बचा है।" सहज म्हटलं त्यानं. आणि खरंच, खाली जाऊन त्यानं सिस्टरला सांगितलंही, आधा गिलास लिया है. खरं असेल. खरंच असेल. डॉक्टरनं मोजायला सांगितलंच होतं. पण तू "पाह्यलं?" म्हटलं नसतं तर मी विचारलंच नसतं, आणि त्याला कारण द्यावं लागलं नसतं.

घमापुरात तुला सोडायला आली तेव्हा मी भांडली तुझ्याशी. म्हटलं, तो पाणी मोजून राहिला होता. तू हसली. "हो ना. त्याच्या मायनं बी त्या दिवशी कुल्हड मोजूनच फेकला असेल." मी म्हटलं, तुला लाज नाही वाटत, म्हाताऱ्या माणसाची परीक्षा घेते? म्हणे, "मी नाही घेतली. मले तहान लागली होती. परीक्षा तूच पाहून राहिली होती." मी म्हटलं, प्यालाच ना तो? अख्खं प्याला! आणि तू म्हटलं, "प्याला. पण आधी ठरवलं, मग प्याला. मी त्याच्या घरचा कुल्हड ठरवून नव्हता घेतला."

याचं उत्तर मला सुचलं दोन दिवसांनी, भाजी चिरताना. ठरवून प्याला यातच त्याची किंमत आहे, असं मी तुला सांगणार होती. ज्याच्या आईनं लहानपणापासून त्याच्या अंगात ते विष भरलं, त्यानं ते गिळून तुझं उष्टं पाणी प्यावं, हे न ठरवता पिणाऱ्यापेक्षा मोठं आहे. चांगलं उत्तर होतं. मी येऊन सांगणार होती, इतवारच्या सुट्टीत.

तू थांबली नाही. तू पुन्हा चुना सुरू केला होता. मी तुझी डबी नालीत फेकली होती, तुझ्याकडं दुसरी होती. डॉक्टरनं हात जोडून सांगितलं होतं, किडन्या आधीच बसल्या आहेत, आता चुना म्हणजे जहर. तू शेजारणीला म्हटलं, डॉक्टर लोकांना काय समजते, माझे गुडघे मला माहीत. या वेळी तू कोणाला जवाईबापू म्हटलं नाही. तहान लागली तशी घागरीजवळ एकटीच पीत बसली, कोणाला फोन नाही, काही नाही. शेजारणीनं दार ढकललं तेव्हा तू जमिनीवर होती. अस्पतालात नेईपर्यंत हृदय थांबलं होतं.

हट्टानं मेली तू. मी हे माइकवर नाही म्हटलं, इथं म्हणते. तुला दहा जण सांगत होते, तू कोणाचं ऐकलं नाही, कारण ऐकणं म्हणजे तुझ्या लेखी हरणं. मला राग आहे तुझा. तुझ्या हाडांचा, तुझ्या गेजचा, तुझ्या त्या "पाह्यलं?"चा. आणि तरी सकाळी फोन वाजला की मला वाटतं तूच आहे, आणि मी विचार करत नाही, आधी हसते. मला माझं नाव लिहायला तू शिकवलं. मी आज जे लिहून राहिली ते अक्षरही तुझंच आहे, उजवीकडं झुकलेलं.

काल विहारात दिनेशनं सगळ्यांना पाणी वाटलं. हातात पाण्याचा जग घेऊन ओळीनं फिरला, वाकून वाकून. आपल्या लोकांचे ग्लास त्यानंच गोळा केले, त्यानंच नळाखाली धुतले. लोक मला म्हणाले, नशीबवान आहेस, असा माणूस भेटला. मी हो म्हटलं. ते खरंच आहे. मी त्याचे हात पाहत होती, पाण्यात बुडालेले, आणि तुझ्यासारखी डोळे बारीक करून पाहत होती. तुझी नजर माझ्यात राहिली आहे, ताई. तू बाकी सगळं नेलं, तेवढं नाही नेलं.

मग मी आठवायला बसली. इतक्या वर्षांत मी त्याच्या ताटात उरलेलं किती वेळा जेवली असेल, बायका जेवतातच. माझ्या ताटातलं त्यानं कधी खाल्लं? माझ्या कपातला चहा? आठवून आठवून डोकं दुखलं. एक वेळ आठवत नाही. कधी वेळच आली नसेल. पुरुष कुठं बायकोचं उष्टं खातात, सराफ्यातले असोत की घमापुरातले. आपले बाबा तरी कुठं खायचे? तू हेही विचारलं नाही कधी. बाबांना तू गेज लावलं नाही.

आज सकाळी तो दुकानात निघाला होता. चपला घालत दारात उभा राहून म्हणे, "जरा पानी देना।" मी ग्लास भरला. त्याच्यासमोर उभी राहून आधी मीच अर्धा प्याली. मग तो त्याच्यापुढं धरला.

त्यानं हात पुढं केला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. ग्लास हातात परत आला तो रिकामा होता. "चलो, आता हूँ," म्हणून तो गेला, आणि मी तिथंच उभी राहिली. तू असती तर डोळे उघडे ठेवून पाह्यलं असतं.